समाजमंदिराची किल्ली कुणाकडे आहे?

एक साधा प्रश्न विचारते. तुम्ही शेवटचं कधी अशा जागी बसला होतात, जिथं बसायचे पैसे लागले नाहीत, 'काय काम आहे?' असं कुणी विचारलं नाही आणि अर्ध्या तासानं 'चला, उठा आता' असंही कुणी म्हटलं नाही?

तुमचं उत्तर मला माहितीये. कॉलेजचा कट्टा. बरोबर आहे. कट्टा आहे म्हणून आपलं निभावतं. सबमिशनचं टेन्शन, ब्रेकअप, घरातली कटकट, 'हल्ली ना काही करावंसंच वाटत नाही' हे सगळं आपण आधी तिथं बोलतो. काउन्सेलरकडे जायचं नंतर बघू म्हणतो.

आता तो कट्टा तुमच्या आयुष्यातून काढून टाका. कॉलेज नाही, कॅन्टीन नाही, कॅफेत दीडशे रुपयांची कॉफी घेऊन दोन तास बसण्याची ऐपत नाही. घर दहा बाय पंधराचं आणि माणसं सहा. मग बोलायला कुठं जाल?

या शहरातली लाखो माणसं याच प्रश्नासकट जगतात. २०११ च्या जनगणनेनुसार मुंबईतले सुमारे ४२ टक्के लोक झोपडपट्टीत राहत होते. त्यांच्या पाणी-संडासाबद्दल आपण निदान वाचतो तरी. त्यांच्या एकटेपणाबद्दल कुणी काही लिहीत नाही. कारण आपल्याला वाटतं, तिथं एवढी गर्दी, भिंतीला भिंत लागलेली, तिथं कसला आलाय एकटेपणा? एकटेपणा म्हणजे टॉवरच्या विसाव्या मजल्यावरच्या माणसाचा आजार!

मलाही तसंच वाटायचं. मग एका वस्तीत गेले.

कुलूप आणि पायऱ्या

गेले होते वेगळ्याच कामासाठी. पूर्व उपनगरातली वस्ती, पाण्याच्या वेळा या विषयावर चारशे शब्दांची बातमी करायची होती. ज्यांना भेटायचं होतं ते कामावरून यायचे होते, म्हणून समाजमंदिराच्या पायऱ्यांवर बसले. चांगली पक्की इमारत. वर पत्रे, बाहेर 'अमुक यांच्या निधीतून' असा भलामोठा बोर्ड, दाराला कुलूप.

पायरीवर एक आजी बसल्या होत्या. दुसऱ्या टोकाला पोलीस भरतीचं गाईड घेऊन एक मुलगी. समोरच्या टपरीवर सात-आठ मुलं, प्रत्येकाच्या हातात मोबाइल.

आजींना सहज म्हटलं, "आत नाही बसत?"

"किल्ली कुठंय पोरी? लग्न-बारसं असलं की उघडतात. नाहीतर मंडळाची मीटिंग."

"मग रोज इथंच बसता?"

"घरात सून शिलाईचं काम करते, पोरांचा अभ्यास असतो. मी कुठं बसू? इथं माणसं तरी दिसतात." थोडं थांबून म्हणाल्या, "दिसतात, पण बोलतंय कोण?"

अभ्यास करणारी मुलगी म्हणाली की, ती साडेसहापर्यंतच बसते. दिवे लागले की टपरीवरची गर्दी वाढते आणि मग घरचे ओरडतात. टपरीवर किल्लीची चौकशी केली, तर उत्तर मिळालं, "भाऊंकडं असेल." भाऊ कुठं राहतात? "ते आता इथं नाही राहत."

पाण्याची बातमी छापून आली. ही आली नव्हती.

गर्दीत एकटं म्हणजे काय?

एकटेपणा माणसांच्या संख्येवरून मोजता येत नाही. आपल्याला हवी तशी नाती आणि आपल्याला असलेली नाती यातलं अंतर म्हणजे एकटेपणा. हे अंतर सहा माणसांच्या खोलीतही पडू शकतं. किंबहुना तिथं एक जादा अडचण असते. मनातलं बोलायला थोडा आडोसा लागतो आणि तो त्या खोलीत नसतो. सासूबद्दल सुनेनं कुणाशी बोलायचं? नापास झालेल्या मुलानं रडायचं कुठं?

जागतिक आरोग्य संघटनेच्या सामाजिक नात्यांवरच्या आयोगानं ३० जून २०२५ ला अहवाल प्रसिद्ध केला. जगात दर सहा माणसांमागे एकाला एकटेपणा सतावतो, असं त्यात म्हटलंय. एकटेपणाशी जोडता येतील असे मृत्यू तासाला सुमारे १००. पण आपण दोन आकडे लक्षात ठेवायचे. पहिला आपल्या वयाचा: १३ ते २९ वयोगटात १७ ते २१ टक्के जणांनी एकटं वाटत असल्याचं सांगितलं. दुसरा पैशाचा: कमी उत्पन्नाच्या देशांत हे प्रमाण सुमारे २४ टक्के, तर श्रीमंत देशांत ११ टक्के. म्हणजे दुपटीहून जास्त.

'गरिबाच्या घरी माणुसकी असते, तिथं कुणी एकटं नसतं' हा आपला लाडका समज आहे. सिनेमांनी तो आणखी पक्का केला. माणुसकी असते, नक्की असते. पण बारा तासांची ड्युटी आणि दोन तासांचा लोकलप्रवास करून आलेल्या माणसाकडे ती दाखवायला वेळ उरत नाही, आणि जागा तर नसतेच.

शिकागोतल्या दोन वस्त्या

जागेनं एवढा काय फरक पडतो, असं वाटत असेल तर एक उदाहरण सांगते. आम्हाला वर्गात हे शिकवलं तेव्हा मी वहीत दोनदा अधोरेखित केलं होतं.

जुलै १९९५ मध्ये अमेरिकेतल्या शिकागो शहरात उष्णतेची भयानक लाट आली. नेहमीपेक्षा ७३९ माणसं जास्त मेली. एरिक क्लायनेनबर्ग या समाजशास्त्रज्ञानं नंतर वस्तीवार अभ्यास केला. नॉर्थ लॉनडेल आणि साउथ लॉनडेल या दोन वस्त्या एकमेकींना लागून. दोन्हीकडे गरिबी, दोन्हीकडे एकटे राहणारे म्हातारे. पण नॉर्थमधला मृत्युदर साउथच्या जवळपास दहापट!

फरक कशात होता? साउथमध्ये रस्ते जागते होते. दुकानं चालू, फुटपाथवर वर्दळ, बसायला जागा. म्हातारी माणसं घराबाहेर पडत, दुकानात टेकत. नॉर्थमध्ये कारखाने गेले, मग दुकानं गेली, मोकळे प्लॉट आणि भीती उरली. म्हातारी माणसं दारं-खिडक्या लावून आत बसली आणि आतच गेली. क्लायनेनबर्ग अशा जागांना 'सामाजिक पायाभूत सुविधा' म्हणतात. रस्ता, गटार, वीज यांच्यासारखीच माणसं एकत्र येण्याची जागा हीसुद्धा सुविधा असते, असं त्यांचं म्हणणं आहे.

मला यातली एक गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते. रोज एका जागी येणारं माणूस एक दिवस आलं नाही, की कुणीतरी विचारतं, "आज काकू दिसल्या नाहीत?" बस, एवढंच. पण एवढ्यावर जीव वाचतो. समाजकेंद्र हे जे काम करतं, ते कुठलंही ॲप करू शकत नाही. ॲपला तुम्ही दोन दिवस दिसला नाहीत तर ते फार तर नोटिफिकेशन पाठवतं.

हे आपल्याकडे होतं

ही काही परदेशातून आणायची कल्पना नाही. १९२७ मध्ये मुंबईत नागपाड्यात 'नागपाडा नेबरहूड हाउस' सुरू झालं. क्लिफर्ड मॅन्शार्ट हे अमेरिकन मिशनरी त्याचे संस्थापक. दाटीवाटीच्या, गरीब, सगळ्या धर्मांच्या वस्तीत शेजाऱ्यांनी एकत्र यावं अशी ही जागा. तिथल्याच कामातून १९३६ मध्ये समाजकार्याचं शिक्षण देणारी टाटांची संस्था उभी राहिली. आज आपण तिला 'टिस' म्हणतो. तुमच्यापैकी कितीतरी जण जिच्या एंट्रन्सची तयारी करताय, तिचा जन्म एका वस्तीतल्या समाजकेंद्रातला आहे!

कामगार कल्याण केंद्रं आठवतात? नसतील आठवत, तर आजोबांना विचारा. १९५३ च्या कायद्यानं कामगार कल्याण मंडळ आलं आणि राज्यभर ही केंद्रं उभी राहिली. वाचनालय, व्यायामशाळा, शिवणवर्ग, शिशुमंदिर, नाट्यस्पर्धा. मशीनवर आठ तास उभा राहिलेला माणूस संध्याकाळी तिथं नाटकाची तालीम करायचा. तिथं तो कुणाचा नोकर नव्हता, नट होता. शिवणवर्गाला येणारी बाई शिवण शिकायचीच, पण तासभर घराबाहेर मोकळा श्वासही घ्यायची. गंमत म्हणजे याचा निधी आजही कामगारांच्या पगारातून जून आणि डिसेंबरमध्ये कापला जातो. तुम्हाला पहिली नोकरी लागली की पगाराच्या स्लिपवर ती छोटीशी रक्कम दिसेल. तेव्हा तुमच्या जवळचं केंद्र किती वाजता उघडतं, हे विचारायला विसरू नका.

पुण्या-ठाण्यात ज्येष्ठांसाठी विरंगुळा केंद्रं आहेत, ठिकठिकाणी अभ्यासिका आहेत. काही फार छान चालतात. काही ठिकाणी मात्र कॅरम बोर्ड धूळ खात पडलाय आणि बाहेर बोर्ड चकाचक.

उघडं, पण कुणासाठी?

इथं मुलांना जरा टोचेल असं बोलते. वस्तीतली जी जागा 'उघडी' असते, ती बहुतेक वेळा मुलांचीच असते. मंडळाचं ऑफिस मुलांचं, व्यायामशाळा मुलांची, नाका तर मुलांचाच. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ मध्ये 'व्हाय लॉयटर?' हे मुंबईतल्या बायका आणि सार्वजनिक जागा यांवरचं पुस्तक लिहिलं. त्यांचा मुद्दा असा की, बाई रस्त्यावर दिसली तर ती कुठंतरी 'जात' असली पाहिजे. कारण नसताना नुसतं टंगळमंगळ करत उभं राहण्याचा हक्क तिला नाही.

पायरीवरची ती भरतीवाली मुलगी आठवा. तिला बाहेर बसायला हातात गाईड लागतं. गाईड नसतं तर? तिच्या आईला बाहेर पडायला नळ लागतो, रेशन लागतं, देवळातला भजनाचा कार्यक्रम लागतो. नुसतं 'कंटाळा आला म्हणून आले' असं म्हणता येईल अशी एकही जागा त्या वस्तीत तिच्यासाठी नाही. म्हणून समाजकेंद्र नुसतं उघडून भागत नाही. तिथं मुलींसाठी वेळ राखलेली हवी, दिवा हवा, स्वच्छतागृह हवं. जागा कुठल्या पक्षाची, कुठल्या जातीची, कुठल्या मंडळाची आहे, हे दारात पाऊल ठेवण्याआधी आठवावं लागत असेल, तर ती जागा सगळ्यांची नाही.

'आधी पाणी द्या, मग हॉल'

हा लेख लिहायला घेतल्यावर एका मित्रानं सुनावलं, "तिथं पाणी येत नाही आणि तू कॅरमच्या गोष्टी करतेस?" त्याचा राग खरा आहे. नळाच्या जागी कॅरम चालणार नाही. डिप्रेशन असेल तर समाजकेंद्र म्हणजे औषधही नाही. त्यासाठी डॉक्टर आहेत, १४४१६ ही टेलिमानसची मोफत हेल्पलाइन आहे.

पण एक विचार करा. पाण्यासाठी अर्ज करायचा तर पन्नास सह्या लागतात. त्या पन्नास जणांनी एकमेकांना ओळखायला नको का? कुठल्या योजनेचा फॉर्म निघालाय, कुठला डॉक्टर चांगला, कुणाच्या घरी मारहाण होतेय, हे कळायला माणसं भेटायला लागतात.

आणि अशा जागा बंद झाल्या की काय होतं, तेही कळलेलं आहे. २०१० ते २०१९ या काळात खर्चकपातीमुळं लंडनमधले सुमारे ३० टक्के युथ क्लब बंद झाले. नंतर झालेल्या अभ्यासात दिसलं की, ज्या मुलांच्या जवळचा क्लब बंद झाला त्यांचे परीक्षेतले गुण घसरले आणि गुन्ह्यात सापडण्याची शक्यता १४ टक्क्यांनी वाढली. सगळ्यात जास्त फटका गरीब घरांतल्या मुलांना. क्लब बंद करून वाचवलेल्या पैशापेक्षा समाजाचं नुकसान मोठं निघालं.

आपल्याकडे तर बऱ्याचदा नवीन इमारतही बांधायला नको. मुंबईत झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारतींत सोसायटीचं ऑफिस, बालवाडी, कल्याण केंद्र यांच्यासाठी जागा ठेवणं नियमात आहे. कागदावर खोली आहे. तिथं जाऊन बघा, कधी सामान भरलेलं असतं, कधी कुलूप.

पुनर्वसनात तर या खोलीची गरज जास्तच. गोवंडीच्या नटवर पारेख कंपाउंडचं उदाहरण घ्या. प्रकल्पांमुळं हललेली शहराच्या वेगवेगळ्या भागांतली कुटुंबं २२५ चौरस फुटांच्या घरांत आणून बसवली. गल्ली गेली, ओटा गेला, पिढ्यान्‌पिढ्यांचा शेजार गेला. नवी दारं बंद. पण त्याच कंपाउंडमध्ये फेब्रुवारी २०२३ मध्ये 'गोवंडी आर्ट्स फेस्टिवल' झाला. तिथल्याच मुलामुलींनी रॅप, नाटक, फोटो, फिल्म यांची तयारी केली आणि आपल्याच इमारतींमधल्या मोकळ्या जागेत सगळं सादर केलं. गोवंडी म्हटलं की डम्पिंग ग्राउंड आणि टीबी एवढंच आठवणाऱ्या शहराला त्यांनी दुसरं काहीतरी दाखवलं. तयारीसाठी ही मुलं पुन्हा पुन्हा एकत्र आली असणार, आणि मला तो भाग फेस्टिवलपेक्षा मोठा वाटतो.

किल्ली आजींकडे द्या

मग मागायचं काय? तीन गोष्टी. रोज ठरलेल्या वेळी उघडणारं दार. दारात एक ओळखीचं माणूस. आणि 'का आलात?' न विचारण्याची पद्धत.

माणूस कुठून आणायचं, असं कुणी विचारलं तर झिंबाब्वेकडे बोट दाखवा. तिथले मानसोपचारतज्ज्ञ डिक्सन चिबांडा यांनी २००६ मध्ये हरारेत दवाखान्याबाहेर एक बाक ठेवला आणि वस्तीतल्या आज्यांना ऐकून घेण्याचं प्रशिक्षण दिलं. 'फ्रेंडशिप बेंच' नाव. पुढं २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, या बाकावर येऊन बोलणाऱ्यांची नैराश्याची लक्षणं नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा कमी झाल्याचं दिसलं. आजींना मदत करायची गरज आहे, असं आपण धरून चालतो. तिथं आज्याच मदत करत होत्या.

आमच्या पायरीवरच्या आजी रोज चार तास तिथंच असतात. किल्ली सांभाळायला याहून योग्य माणूस कोण?

आणि आपण?

आता थोडं आपल्याबद्दल. एनएसएसमध्ये दोन वर्षांत २४० तास भरायचे असतात. आपण ते कसे भरतो, हे आपल्यालाच माहिती. एक रॅली, एक झाडं लावणं, एक पथनाट्य, भरपूर फोटो. मीही तेच केलं. दुसऱ्या वर्षाला एका वस्तीत दर शनिवारी मुलांना शिकवायला जायचे. सहा शनिवार गेले. मग परीक्षा आल्या, सर्टिफिकेट मिळालं आणि मी गेलेच नाही. शेवटच्या दिवशी एका चिमुरडीनं विचारलं होतं, "ताई, पुढच्या शनिवारी पण ना?" मी 'हो' म्हटलं होतं. एकटेपणा कमी करायला गेलेली मी एकीची वाट बघायला लावून आले. जाणाऱ्या माणसांची त्या वस्तीला सवय आहे. त्यात मी एकीची भर घातली.

म्हणून सांगते, मोठं काही करू नका. जमेल तेवढंच करा, पण सातत्यानं. तुमच्या घराच्या किंवा कॉलेजच्या जवळच्या वस्तीतलं समाजमंदिर शोधा. ते कुणाच्या मालकीचं, कुणाला चालवायला दिलंय, वेळ काय, हे वॉर्ड ऑफिसात विचारा. उत्तर मिळालं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. तिथल्या बायकांना, मुलांना, म्हाताऱ्यांना विचारा की, दार उघडलं तर त्यांना काय हवंय. आपल्या मनानं 'पर्सनॅलिटी डेव्हलपमेंट'चा वर्ग ठरवून जाऊ नका. चार मित्रांनी आठवड्यातून एकेक संध्याकाळ वाटून घेतली, तर दार चार दिवस उघडं राहतं. परीक्षेच्या काळात येणार नसाल तर तसं आधी सांगा. आणि वर्षभरात किल्ली वस्तीतल्याच कुणाकडे जाईल असं बघा, कारण तुम्ही पास होऊन जाणार आहात.

आणि तुम्ही स्वतः अशा वस्तीत राहत असाल, तर तुम्हाला हे सगळं माझ्यापेक्षा जास्त माहितीये. तुमच्यासाठी एवढंच की, अभ्यासाला जागा मागणं, बसायला जागा मागणं हे चोचले नाहीत. ती जागा तुमच्या नावावरच बांधलेली आहे.

हा लेख देण्याआधी मी त्या पायऱ्यांवर पुन्हा जाऊन आले. कुलूप तसंच आहे. आजींनी ओळखलं. "आलीस होय," म्हणाल्या आणि सरकून जागा दिली. वॉर्ड ऑफिसात अर्ज टाकलाय. उत्तर आलं की याच पानावर सांगेन. तोवर तुम्ही तुमच्याकडची किल्ली शोधा.